दातांमागचा शब्द

बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात गणपतीत नाटक असलं की लोकांना नट दिसत, नायिकेच्या वेशातला गोरटेला पुरुष दिसे, पडद्यावर रंगवलेला राजवाडा दिसे. रजनीला मात्र नाटक म्हटलं की नानांचे दात आठवत. तिचे वडील दिगंबरराव दिवसा नगरपालिकेत कारकुनी करत आणि उत्सव आला की विंगेत उभे राहून प्रॉम्प्टिंग करत. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात नाटकाची प्रत, आणि पायाशी फ्रॉक सावरून बसलेली रजनी. ती वर बघायची तेव्हा नानांचे ओठ मिटल्यासारखे दिसायचे. पण त्याच ओठांतून निघालेला शब्द थेट नटाच्या कानात शिरायचा आणि पहिल्या रांगेतल्या माणसालाही त्याची चाहूल लागत नसे.

"ओठ हलवायचे नाहीत," नाना तिला सांगत. "शब्द दातांच्या मागून सोडायचा. नटाचा श्वास संपत आला की सोडायचा. आधी सोडला तर तो गोंधळतो, उशिरा सोडला तर पब्लिक हसतं."

पोरीने ही विद्या खेळता खेळता उचलली. पुढे घराघरांत टीव्ही आला, नाटकं बंद पडली, विंगांच्या फळ्या कुणाच्या तरी बंबात गेल्या आणि नाना लोधीपुऱ्यातल्या घराच्या ओट्यावर येऊन बसले. रजनीने कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला. गल्लीत असं काही करणारी ती पहिलीच मुलगी. शेजारच्या भागाबाई म्हणायच्या, "दिगंबरराव, पोरीले टीव्हीसमोर बसायचेबी पैसे भरले म्हणता?" नाना हसायचे.

बऱ्हाणपूर नवा जिल्हा झाला ती वर्षं. जो तो कशात तरी मिसळत होता. इकडची कचेरी तिकडे मिळवली जात होती, लहान शाळा मोठ्या शाळेत, मराठी वर्ग हिंदी वर्गात. त्याच धामधुमीत सरकारने ठरवलं की खेड्यातल्या पोरांनीही कॉम्प्युटर शिकला पाहिजे. निंबोल्याच्या पुढे, केळीच्या बागांमधून आत गेल्यावर जांभळखेडी लागते. तिथल्या आठवीपर्यंतच्या मराठी शाळेला तीन यंत्रं मिळाली आणि यंत्रांबरोबर कंत्राटावर रजनी मिळाली. शिक्षाकर्मी. पगार बेताचा, पण लोक मॅडम म्हणत.

यंत्रं आली त्या दिवशी जांभळखेडीत वरात आल्यासारखी गर्दी झाली. चुडामण नावाच्या शेतकऱ्याने एक खोकं डोक्यावर घेतलं आणि कुणाला हात लावू दिला नाही. "सरका सरका, माह्या पोरीचा मास्तर आहे याच्यात!" शाळेत दलिया शिजवणाऱ्या रंभाबाईने दारात खोक्यांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. चुडामणची मुलगी मंगला सातवीत होती. ती खोक्याच्या भोकातून आत बघत होती, आत कुणी श्वास घेतंय का हे पाहावं तसं.

हेडमास्तर वामन सरांनी यंत्रं कोपऱ्यातल्या खोलीत मांडली. खिडक्यांच्या फटी खळ लावून वर्तमानपत्राने बुजवल्या. यंत्रांवर कुंकवाची स्वस्तिकं काढली, वर प्लास्टिक, प्लास्टिकवर सतरंजी. मग बाहेर येऊन कुलूप लावलं आणि किल्ली बनियनच्या आतल्या खिशात टाकली.

"सर, तास कधीपासून?" रजनीने विचारलं.

"लाइट कुठे आहे, मॅडम? दिवसा येते का कधी?"

"कधीमधी येते की. तेवढ्यात..."

"सरकारी माल आहे. पोरांच्या हाताला चीक असतो केळीचा. जळलं काही तर भरून कोण देईल, तुम्ही का तुमचे वडील?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पुढच्या वर्षी रिटायर होतोय मी. मला सुखाने जाऊ द्या."

वामन सर दुष्ट होते असं म्हणणं सोपं आहे. पोरांना दलिया कमी पडला तर ते स्वतःचा डबा उघडत. पण किल्ली म्हटली की त्यांचा चेहरा बंद व्हायचा.

मग रजनीने बऱ्हाणपूरच्या कापडबाजारातून साड्यांच्या खोक्यांची झाकणं गोळा केली. वरच्या बाजूला शालू नेसून हसणारी बाई, आतली बाजू कोरी. त्या कोऱ्या बाजूवर तिने कीबोर्ड आखला, एकेक अक्षर जिथल्या तिथे. पोरं वडाच्या पारावर बसून पुठ्ठ्यावर बोटं चालवायची. पुठ्ठा काही उत्तर देत नसे. उत्तर रजनी द्यायची. "आता पडद्यावर अ आला. आता पुसला गेला." पोरं रिकाम्या हवेत बघून माना डोलवायची. सगळ्यांत वेगाने मंगलाची बोटं चालत. ती पुठ्ठा घरीही न्यायची आणि चुडामण येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा, "पाह्य, पाह्य कशी चालवते! जशी हार्मोनियम!"

वर्षातून एकदा मात्र खोलीचं कुलूप निघे. खंडेनवमीला. गावात नांगर, पंप, कोयते धुऊन पुजले जातात, तशी शाळेत यंत्रांची पूजा. सतरंजी उतरे, प्लास्टिक उतरे, आणि पोरांनी चपला बाहेर काढून एकेक फूल वाहायचं. मंगलाची पाळी आली तेव्हा तिने झेंडूचं फूल ठेवलं आणि त्याच हाताने एक बटण दाबून पाहिलं. वीज नव्हती, काही होण्यासारखंही नव्हतं. पण वामन सरांचा हात असा आला की तिच्या कानातलं डूल खाली पडलं.

"पूजेला आलीस का खेळायला?"

पोरं हसली. मंगला खाली बसून डूल शोधत राहिली. नंतर रजनीने तिला पारावर विचारलं, "का दाबलंस गं?"

"खाली जातं का ते पाह्यलं, मॅडम. पुठ्ठ्याचं नही जात ना खाली."

"मग? गेलं?"

"गेलं. वापस वर बी आलं." आणि गालावर बोटं उमटलेली ती पोर हसली.

मंगला आठवीत गेली. हिवाळ्यात निरोप आला, जिल्ह्याहून साहेब कॉम्प्युटर शिक्षण पाहायला येणार. रजनीला वाटलं, आता वामन सरांचं धाबं दणाणेल. झालं उलटंच. सर एकदम तरतरीत झाले. त्यांनी तिला बोलावून चहा मागवला, जो आजवर कधी मागवला नव्हता.

"मॅडम, असं करा की साहेब बघतच राहिले पाहिजेत."

"सर, पोरांनी यंत्राला हात लावलेला नाही."

"गॅदरिंगला पोरं शिवाजी होतात, ती काय किल्ला घेऊन आलेली असतात? बसवा नाटक. जनरेटर मी आणतो, मंडपवाल्या लोटूला सांगतो."

"आणि नंतर?"

वामन सरांनी बनियनच्या खिशावर हात ठेवला. "साहेब खूश होऊन गेले की किल्ली तुमच्या हातात. शब्द देतो. ब्राह्मणाचा शब्द."

ती किल्ली रजनीला स्वप्नात दिसायची. तिने घरी येऊन नानांना सांगितलं, तसे ओट्यावर बसलेले नाना वीस वर्षांनी तरुण झाले. त्यांनी स्वयंपाकघरातल्या पाटांची तीन यंत्रं मांडली, कोण कुठून येणार, कुठे वळणार, साहेबांची खुर्ची कुठे, सगळं आखलं. "एकेका पोराला एकच काम दे. पहिल्याने घर काढायचं, दुसऱ्याने बेरीज, शेवट गोड आवाजाच्या पोराकडे."

"पोरीकडे. मंगला."

"मंगलाने काय टाइप करायचं?"

"वेलकम सर. इंग्रजीत. साहेबांना बरं वाटेल."

"वा! भरतवाक्य!" नानांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांना कडू सोनाराची गोष्ट आठवली आणि ती सांगता सांगता हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. कडू सोनार उत्सवातला मुख्य नट. एक ओळ पाठ करत नसे. "कशाला करील? मी होतो ना मागे. लोक म्हणायचे काय पाठांतर आहे! एके वर्षी मला ताप भरला. कडू राजाच्या वेशात स्टेजवर उभा, तोंड उघडं, माशी जाईल एवढं! विंगेकडे बघतोय, विंग रिकामी! पोरांनी भुईमुगाच्या शेंगा मारल्या त्याला. मुकुटावर टण् टण् वाजायच्या!"

रजनीही पोट धरून हसली. "मग पुढे काय झालं त्यांचं?"

"पुढे? पुढे तो कधी स्टेजवर आलाच नाही. दुकान पण गल्लीच्या आत हलवलं." नाना डोळे पुसत म्हणाले, आणि परत शेंगांचा आवाज काढून हसले.

तालमी पुठ्ठ्यावर झाल्या. कोणती बटणं, कोणत्या क्रमाने, किती दाबून. का, ते सांगायला वेळ नव्हता. मंगलाच्या बोटांत तो क्रम असा बसला की ती दलिया वाढून घेतानाही ताटलीवर तो वाजवायची. आदल्या दिवशी तिने विचारलं, "मॅडम, साहेबानं विचारलं, रोज शिकता का, तं काय सांगू? खरं सांगू?"

रजनीच्या हातात खडू होता. तो तिने फळ्याच्या कडेला ठेवला. "विचारणार नाहीत ते."

"विचारलं तं?"

"मी मागे उभी असेन."

साहेब आले. माणूस सज्जन दिसत होता, चप्पल स्वतःहून दारात काढली. शाळेमागे लोटूचा जनरेटर धडधडत होता, वरातीतल्यासारखा. रजनीने यंत्रं आधीच चालू करून ठेवली होती. पहिल्या मुलाने घर काढलं, वर सूर्य काढला. दुसऱ्याने बेरीज केली. ज्याचं बोट अडलं त्याच्या कानात दातांमागून शब्द आला, बोट पुढे गेलं. विंगेतल्या नानांची लेक खोलीच्या मागच्या भिंतीला पाठ लावून उभी होती आणि तिचे ओठ मिटलेले होते.

शेवटी मंगला. तिने वेणी मागे टाकली. बोटं एकदाही न थांबता चालली आणि पडद्यावर अक्षरं उमटली, वेलकम सर. आपण दाबलेलं अक्षर समोर उजेडात उमटतं हे ती आयुष्यात पहिल्यांदा पाहत होती. तिचा चेहरा पाहून साहेब विरघळले. ते उठून तिच्याजवळ आले, वाकले, आणि त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "बेटा, सच बताना. रोज़ सिखाते हैं तुमको?"

खोलीत नुसता जनरेटरचा आवाज. वामन सरांनी रुमाल काढला. मंगलाने मान वळवून रजनीकडे पाहिलं. त्या एका श्वासात सगळं होतं. सज्जन माणूस समोर वाकलेला, दार उघडं, खरं बोलायला एवढी चांगली जागा पुन्हा मिळायची नव्हती. आणि मंगला थांबली होती. जे सांगाल ते म्हणते, अशी.

मंगलाचा श्वास संपत आला. रजनीने शब्द सोडला.

"जी सर, रोज," मंगला खणखणीत आवाजात म्हणाली.

टाळ्या झाल्या. साहेबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि जाताना जीपमध्ये बसता बसता म्हणाले, "वामनजी, इस स्कूल का काम तो पूरा हो गया!"

वामन सरांनी शब्द पाळला. तिथेच, सगळ्यांसमोर, किल्ली रजनीच्या तळहातावर ठेवली. ती अंगाच्या उबेने कोमट होती. त्या संध्याकाळी रजनीने नानांना किल्ली दाखवली आणि नानांनी ती देवापुढे ठेवली.

सोमवारी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली. शाळेपुढे एक टेम्पो उभा होता. दोन हमाल बिड्या ओढत बसले होते आणि वामन सर नवा सदरा घालून उभे होते.

"या मॅडम, तुमचीच वाट बघतोय. किल्ली तुमच्याकडे ना? उघडा."

"कशाला?"

"यंत्रं चालली. योजना फिरती आहे. जिथली पोरं शिकली तिथून उचलायची, जिथली शिकली नाहीत तिथे न्यायची. न्याय आहे तो."

रजनीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं. "तुम्हाला माहीत होतं."

"माहीत होतं म्हणून तर एवढा खटाटोप केला. पोरांना नापास दाखवलं असतं तर रिटायर होईपर्यंत हे माझ्या गळ्यात. चोरी झाली, आग लागली, पेन्शन कुणाची अडते?" त्यांनी घड्याळ पाहिलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उपकाराची भावनाच होती. "तुमचं कंत्राटही यंत्रांबरोबरच आहे म्हणे. पण त्या शाळेत त्यांचा कुणी आधीच ठरलाय. मी चांगलं प्रमाणपत्र देईन तुम्हाला. साहेब तर काय तोंडभरून बोलत होते!"

कुलूप रजनीनेच उघडलं. किल्ली तिच्याकडेच होती. हमालांनी यंत्रं उचलली. कुंकवाची स्वस्तिकं टेम्पोत चढली. पोरं ओळीने उभी राहून पाहत होती, आणि रंभाबाई पळीसकट बाहेर येऊन म्हणाली, "काहो मॅडम, इतकं चांगलं कशाले शिकवलं वं? जरा कमी शिकवायचं व्हतं."

कुणीतरी हसलं. रंभाबाईला मात्र त्यात हसण्यासारखं काही वाटलं नव्हतं. ती खरंच विचारत होती.

पुढच्या उन्हाळ्यात आठवी झालेली जांभळखेडीची पोरं शहरातल्या मोठ्या हिंदी शाळेत मिळवली गेली. तिथे कॉम्प्युटरचे दोन वर्ग होते, एक नवख्यांचा, एक शिकलेल्यांचा. जांभळखेडीची पोरं शिकलेली, असा साहेबांचा शेरा. त्यांना थेट दुसऱ्या वर्गात बसवलं. पहिल्याच तासाला मास्तरांनी मंगलाला उभं केलं, कारण साहेबांनी तिचं कौतुक केल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. यंत्र बंद होतं.

"चालू करो."

मंगलाने बटणांकडे पाहिलं. तिच्या नाटकात यंत्र नेहमी चालूच असायचं. ते चालू कुठून होतं हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. मग जे येत होतं ते तिने केलं. काळ्या पडद्यासमोर तिची बोटं भराभर चालली, अगदी अचूक, एकदाही न थांबता. वर्गात आधी हशा, मग बाकं वाजली.

"रोज़ सीखती थी ना?" मास्तरांनी विचारलं.

"जी सर, रोज," ती म्हणाली. हेच तिला पाठ होतं.

तेच तिचं नाव पडलं. जिन्यात, नळावर, बसमध्ये, "ओ जी-सर-रोज!" जांभळखेडीचीच पोरं सगळ्यांत मोठ्याने हाका मारायची, कारण तिला हसलं की त्यांना कुणी हसत नसे. दिवाळीनंतर मंगला शाळेत गेली नाही. चुडामणने दोन थपडा दिल्या, मग केळीच्या बागेत कामाला लावली.

हे सगळं रजनीच्या कानावर आलं ते राजपुऱ्यातल्या छपाईच्या दुकानात. तिथे ती आता लग्नपत्रिका जुळवायची. सांगणारा गिऱ्हाईक हसून सांगत होता, गोष्ट तशी हसण्यासारखीच होती. रजनीने त्या रात्री नानांना काही सांगितलं नाही. नाना मात्र अजून ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, आमच्या पोरीने असा प्रॉम्प्ट दिला की कलेक्टर कचेरीचा साहेब फसला!

काही वर्षांनी, लग्नसराईत, दुकानाच्या पायरीवर चुडामण उभा राहिला. पागोट्यावर हळदीचा डाग. मागे मंगला. उंच झालेली, हातांवर केळीच्या चिकाचे काळे डाग.

"मॅडम! तुम्ही इठी? वा! आमच्या मंगलाच्या लग्नाची पत्रिका काढायची. जवाई रावेरचा, दोन एकर बाग." तो खुर्ची ओढून बसला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. चुडामणने त्यांच्याकडे वळून आवाज चढवला. "ही माही पोरगी बी चालवते बरं कॉम्प्युटर. साह्यबापुढं चालवला व्हता हिनं. टाळ्या पडल्या व्हत्या. मंगले, दाखव वं मॅडमले. तुह्यं नाव तूच टाक पत्रिकेत."

"राहू द्या आप्पा."

"अवं दाखव! लाजते काहाले?"

रजनी खुर्चीवरून उठली. काय करावं ते न सुचून उठली. मंगला बसली. समोरचा पडदा उजेडात होता, यंत्र चालू होतं. तिने वेणी मागे टाकली. पत्रिकेसाठी मराठी अक्षरं लावलेली होती, त्यामुळे पडद्यावर जे उमटलं त्याला ना अर्थ होता ना उच्चार. पण रजनी पडद्याकडे बघतच नव्हती. ती बोटं बघत होती. तोच क्रम. तोच वेग. वेलकम सर.

"काय लिहिलं वं?" चुडामणने डोळे बारीक केले. चष्मा त्याच्याकडे नव्हता. "आलं नाव?"

मंगलाने मान वळवून रजनीकडे पाहिलं. तशीच, त्या दिवशीसारखी, श्वास धरून. दोन्ही गिऱ्हाइकं बघत होती.

रजनीचे ओठ हलले नाहीत.

"आलं, आप्पा," मंगला खणखणीत आवाजात म्हणाली. "नाव आलं."

"पाह्य!" चुडामणने गिऱ्हाइकांकडे पाहून मांडीवर थाप मारली. "मी काय म्हणत व्हतो?"

मंगला उठली. रजनी तिच्या जागी बसली, ती ओळ तिने पुसली आणि पडद्यावरची नजर न काढता विचारलं, "पत्रिका किती काढायच्या?"